बर्फाखालचं रान

आबांना बर्फ दाखवायला नेते म्हटल्यावर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, एकच गोष्ट सांगितली. "जसे नेतेस तसे आण. काही कमीजास्त झालं तर मला तोंड दाखवू नकोस." दादा रागीट आहे, पण हे तो रागानं बोलला नव्हता. मागच्या पावसाळ्यात आबांना स्टेंट बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज. चालायला, फिरायला डॉक्टरांची हरकत नव्हती. उंचीचं आणि थंडीचंही मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. "फक्त पडू देऊ नका," ते म्हणाले. "डोक्यावर तर मुळीच नाही. ह्या गोळ्यांवर रक्त लवकर थांबत नाही." आणि अडुसष्ट वर्षांच्या बापाला घेऊन मी निघाले होते अशा ठिकाणी, जिथं नुसतं उभं राहणं हीच कसरत असते.

परत आल्यापासून आबा केडगावात माझ्याकडंच आहेत, आणि जो भेटेल तो विचारतो, बर्फ कसा असतो, हातात धरवतो का, आणि आबांच्या कपाळाला ते काय झालंय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देता येतात. तिसऱ्याचं उत्तर भाजीच्या गाड्यापाशी उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. प्रेमसिंग तिथंच बॉयलरवर होता. कुल्लूकडच्या डोंगरातला माणूस. येताना हिंदी घेऊन आला आणि सहा वर्षांनी जाताना कुरकुंभची मराठी घेऊन गेला. माझं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. थंडीत खात्यातल्या सगळ्यांना आम्ही हुरड्याला न्यायचो. तिथंच एकदा प्रेमसिंग सहज म्हणाला की त्याच्या गावी लसूण दोन-दोन महिने बर्फाखाली असतो. आबांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"जितं कसं राहील पीक? आपल्याकडं नुसता कडाका पडला तर बागा जळत्यात."

"राहतो आबा. झोपून राहतो."

"थापा मारतंय," आबा मला हळूच म्हणाले. पण ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढं प्रेमसिंग नोकरी सोडून गावी गेला, घरातल्याच चार खोल्या पाहुण्यांना देऊ लागला, तरी दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत आबा विचारायचे, तुझ्या त्या बॉयलरवाल्याचा लसून काय म्हंतोय? स्टेंटनंतर त्यांनी काहीही विचारणं सोडलं. ओट्यावर बसायचे, गोळ्या घ्यायचे, आणि कोर्टाची तारीख कधी आहे एवढंच दादाला विचारायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हटलं, चला, लसूण बघून येऊ.

पहिले दोन दिवस

दौंडला गाडीत बसल्यापासून डोंगर दिसेपर्यंतचा प्रवास सोडून देते. तो सगळ्यांचा सारखाच असतो. एवढंच सांगते की आबांनी दिल्लीपर्यंत धोतर सोडलं नाही. दिल्लीच्या थंडीनं ते काम केलं. दादाची ट्रॅक पॅन्ट, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, आणि टोपीवर कानटोपी. "कोन वळखंल मला?" ते म्हणाले. मी म्हटलं, तिथं ओळखणारं आहे कोण.

प्रेमसिंगचं गाव मोठ्या रस्त्यापासून वर, डोंगराच्या अंगावर आहे. खाली सफरचंदाच्या बागा, मग पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि वर, काही शेतांच्या मधेमधेही, दगड-लाकडाची घरं. आम्ही पोचलो तेव्हा मांडीपर्यंत बर्फ होता. सगळं पांढरं, आणि आवाज अजिबात नाही. आपल्याकडं शेतात उभं राहिलं तर कुठंतरी मोटार चालू असते, कुणीतरी बैलाला हाक मारत असतं, लांबून हायवे ऐकू येतो. इथं मला माझाच श्वास ऐकू यायला लागला आणि लगेच आबांचा श्वास ऐकू येतोय का म्हणून मी कान दिला.

घरात मधल्या खोलीत पत्र्याची चूल पेटवलेली असते, तिला तिथं तंदूर म्हणतात. तिच्याभोवती अख्खं घर बसतं, जेवतं, भांडतं. प्रेमसिंगची आई, सगळे तिला अम्मा म्हणतात, आबांच्याच वयाची असेल. तिनं आम्हाला सिड्डू वाढला. गव्हाच्या आंबवलेल्या पिठाचा मोठा उकडलेला गोळा, आत आक्रोडाचं सारण आणि वर तुपाची धार. आबांनी दोन खाल्ले आणि मग पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून तिसऱ्याला लावली. अम्मानं चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी परत मागितली. तिला मराठी कळत नव्हती, आबांना तिची पहाडी कळत नव्हती. दोघं अर्धा तास खताविषयी बोलले.

दुसऱ्या दिवशी अम्मा आबांना हाताला धरून घरामागच्या तुकड्यात घेऊन गेली. फावड्यानं बर्फ बाजूला केला, मग हातानं. अगदी तळाशी, ओल्या काळ्या मातीत, लसणाची पात होती. पिवळट हिरवी, वाकलेली, पण ताजी. आबा गुडघ्यावर बसले, हातमोजा काढला आणि पातीला बोट लावलं.

"जितं हाय," ते म्हणाले. "मंगल, जितं हाय गं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं तो खड्डा बर्फानं पुन्हा भरला. लहान बाळाला पांघरूण घालावं तसा, थोडा थोडा. स्टेंट बसल्यापासून त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. परत फिरायची तिकिटं चार दिवसांनंतरची होती आणि त्या क्षणी मला वाटलं, ह्याच्यापेक्षा जास्त काही नको, आजच निघावं. निघाले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी प्रेमसिंगनं स्नोशू काढले. नावामुळं आपल्याला वाटतं की हे बर्फात घालायचे बूट असतील. तसं नाही. आपले बूट पायात असतातच, त्यांच्याखाली हे बांधायचं. लांबट चौकट, तिच्यावर ताणलेलं जाड कापड, खाली लोखंडी दात, आणि वरून आवळायचे पट्टे. माणसाचं वजन एवढ्याशा तळव्यावर न पडता सगळ्या चौकटीवर पसरतं, म्हणून पाय आत जात नाही.

"सुपं बांधलीत पायाला," आबा म्हणाले.

अंगणात शिकवणी झाली. पाय फाकवून चालायचं, नाहीतर एक चौकट दुसरीवर पडते. मागं पाऊल टाकायचं नाही, वळायचं असेल तर गोल फिरून वळायचं. उतारावर गुडघे वाकवून टाचेवर भार द्यायचा. हातात दोन काठ्या. मी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा पडले, एकदा तर नुसती उभी असताना. पडण्यात काही नाही, बर्फ मऊ असतो. उठणं अवघड, कारण हात टेकायला जमीनच सापडत नाही. अम्मा खिडकीतून तोंडाला पदर लावून हसत होती. आबा मात्र एकदाही पडले नाहीत. आयुष्यभर चिखलात पाणी धरलेला माणूस, पाय कसा उचलायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. प्रेमसिंग म्हणाला, "ताई, आबा तर पास." मला बरं वाटायला हवं होतं. पण जो पडत नाही तो सावध राहत नाही, हे मी रोज काचेची भांडी हाताळणारी बाई चांगलं जाणते.

तिसरा दिवस, गावाची वाट

रात्री आणखी बर्फ पडला होता. सकाळी ऊन लख्ख होतं, पण खालून वर येणारा गाडीरस्ता बंद झाला होता. प्रेमसिंगला त्याचं काही वाटलं नाही. जेसीबी संध्याकाळपर्यंत येईल, तोवर गावाची वाट दाखवतो म्हणाला. गावातली माणसं शेतांमधून पलीकडच्या देवदारांपर्यंत जातात ती वाट, तासाभराची. मी आबांची नाडी मोजली. ते चिडले. "कोंबडी हाय का मी, सारखी चाचपतीस?"

निघताना प्रेमसिंगनं थांबवून एक नियम सांगितला. "शेताच्या मधूनच चालायचं. कडेला जायचं नाही. कडेला बर्फ पुढं येतो वाऱ्यानं, दिसतो घट्ट, पण खाली काही नसतं. कळलं, आबा?"

"कळलं."

पहिली दोन शेतं पडीक होती. आम्ही मधून गेलो. पुढं प्रेमसिंग, मग मी, मग आबा. मी दर दहा पावलांना मागं बघत होते. तिसऱ्या शेतापाशी आबांनी विचारलं, "हितं खाली काय हाय?"

"लसूण. बिमलाचाचीचा."

आबा काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही, आणि तिथंच चुकले. माझा बाप मला माहीत असायला हवा होता.

आता बांधाचं सांगते. आमचं रान आणि तात्यांचं रान ह्यांच्यामध्ये एक बांध आहे. तात्या म्हणजे आबांचे सख्खे चुलतभाऊ. तात्यांचा ट्रॅक्टर दरवर्षी बांध थोडा कोरतो असं आबांचं म्हणणं. आबांनीच रातोरात तो सरकवला असं तात्यांचं. कोर्टात तारखा चालू आहेत. कितीतरी वर्षं आबा सकाळ-संध्याकाळ त्या बांधावरून चालत जातात आणि चालत येतात. पाय पडत राहिला तरच बांध राहतो, असं ते म्हणतात. आणि दुसऱ्याच्या पेरलेल्या रानात पाय घालायचा नाही, हे भांडणाच्याही आधीचं आहे. लहानपणी मी तात्यांच्या हरभऱ्यातून आडवी पळत आले होते. आबांनी मला परत तिकडच्या टोकाला पाठवलं आणि बांधावरून यायला लावलं.

त्या माणसाला आदल्या दिवशी बर्फाखालची जिवंत पात दिसली होती.

मी माझ्या पायांकडं बघत चालले होते. एक चौकट दुसरीवर पडू नये एवढंच डोक्यात होतं. वीसेक पावलं तशीच गेली असतील. मागून एक आवाज आला, मोठा नाही, भिंतीचा ओला गिलावा सुटून पडावा तसा. मी वळले, म्हणजे गोल फिरून वळले. शेताच्या मध्यात आमच्या दोघांच्याच खुणा होत्या. तिसरी ओळ डावीकडं कडेकडं गेली होती, कडेनं पंधराएक पावलं सरळ गेली होती, आणि मग कडच नव्हती.

"आबा!"

मी परत हाक मारली. मग खालून आवाज आला.

"हाय. हाय मी."

खालचं शेत पुरुषभर खाली होतं. मी मान उंच करून पाहिलं तर त्यांची कानटोपी आणि एक काठी दिसली. आणि कानटोपीच्या बाजूचा बर्फ लाल होता. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं आठवलं.

"आले मी, आले."

"बांधानं ये," आबा खालून ओरडले. "रान तुडवू नगंस. बांधानं ये."

आणि मी वळले. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. चाळिशी ओलांडलेली, रसायनांची हाताळणी इतरांना शिकवणारी बाई मी, बापानं बांधानं ये म्हटल्याबरोबर बांधाकडं दोन पावलं टाकून मोकळी झाले.

"ताई, बीच में!" प्रेमसिंग जिवाच्या आकांतानं ओरडला. "उरलेला सगळा त्यांच्यावर पडेल!"

मी थांबले. कडेचा बर्फ पुढं झुकलेला होता आणि त्याच्या बरोबर खाली आबा होते. माझ्या वजनानं तो सुटला असता तर त्यांना मी स्वतःच्या हातानं पुरलं असतं. मी फिरले आणि शेताच्या मधोमध पळाले. पळाले म्हणजे काय, पाय फाकवून, काठ्या टाकून, पडत उठत. खाली उतरायचा उतार शेताच्या दुसऱ्या टोकाला होता. अख्खं लसणाचं रान मी आडवं तुडवलं, आणि खालून आबा मला तुडवू नको म्हणून सांगत होते.

खाली

भिंतीतल्या एका दगडावर त्यांचं कपाळ आपटलं होतं. भुवईच्या वर खोल जखम. पाय, हात, मान, सगळं हलत होतं. मी ओढणी घडी करून दाबली आणि घड्याळ बघितलं. साध्या माणसाचं रक्त पाचेक मिनिटांत थांबायला लागतं. पाच झाली. दहा झाली. ओढणी भिजली, तिच्यावर मफलर दाबला. प्रेमसिंग फोनवर होता, घरी, गावात, खालच्या गाडीवाल्याला. रस्ता बंद, गाडी वर येणार नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत आणायचं, तिथून पुढं हॉस्पिटल तासाभरावर.

आत डोक्यात रक्त साचलं असेल तर माणूस झोपाळतो, घोटाळतो. मी आबांना बोलतं ठेवलं.

"आबा, आपला गट नंबर काय?"

त्यांनी सांगितला. न विचारता तात्यांचाही सांगितला.

"कोर्टाची तारीख?"

तीही सांगितली, वकिलाला शिवी घालून.

गावातून सहा-सात माणसं उतरली. लाकडी खुर्ची, तिला दोन बांबू आडवे बांधलेले. आजारी माणसाला, बाळंतिणीला तिथं असंच नेतात. गमबूट घातलेले चौघे खुर्ची उचलायला, पण त्यांचे पाय मांडीपर्यंत आत जात होते. खुर्ची हेलकावली असती, आबा परत पडले असते.

"वाट दाबावी लागेल," प्रेमसिंग म्हणाला. "स्नोशूवाली माणसं पुढं. मी पुढं, ताई, तुम्ही माझ्या मागं. पाय आपटून चला. प्रत्येक पाऊल दोनदा."

"मला उतारावर येत नाही."

"येईल."

आबांच्या पायातले स्नोशू एका बाईनं चढवले आणि ती माझ्या मागं उभी राहिली. तिघांनी दाबलेल्या वाटेवर चौघांनी खुर्ची आणायची, असं ठरलं. सरळ वाट शेतांमधून होती. गाडीरस्त्यानं वळसा घालून गेलो असतो तर दुप्पट वेळ लागला असता.

ज्या शेतात आबा पडले त्याच्या वरच्या घराच्या सज्जात एक म्हातारी आली होती. तीच बिमलाचाची. तिनं दोन्ही हात वर केले. मला वाटलं, आता ही रागावणार. वरचा, खालचा, सगळा लसूण तिचा.

"मेरे खेत से ले जाओ," ती ओरडली. "बीच से, सीधा!"

आम्ही निघालो. मी पाय आपटत होते. पुढचं शेत दुसऱ्याचं, तिथं घरातून एक माणूस अर्धवट अंघोळ झालेला बाहेर आला होता. "हमारे से आओ, इधर से छोटा है!" त्याच्या खालचं शेत तिसऱ्याचं. तिथली दोन माणसं फावडी घेऊन आधीच उताराचा बर्फ काढत होती. प्रत्येक पायरीला कुणीतरी उभं होतं आणि प्रत्येकजण स्वतःच्या रानाकडं हात करत होता. कुणी विचारलं नाही की हा माणूस कोण, आणि पेरलेल्यातून का.

मला तेव्हा मागचा पावसाळा आठवला, आणि तो मी आजपर्यंत कुठं बोललेले नाही. आबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आमच्या घरापासून डांबरी रस्ता सगळ्यात जवळ पडतो तो तात्यांच्या रानातून. हाकेच्या अंतरावर. दादानं आबांना पाठीवर घेतलं आणि तो बांधानं गेला, चिखलातून, सगळा वळसा घालून. तात्या त्यांच्या रानात उभे होते. ते या म्हणाले नाहीत आणि दादानं विचारलं नाही. आबांनी दादाच्या पाठीवरूनही एवढंच सांगितलं होतं, बांधानं चल. पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, थोडं आधी आणता आलं नाही का?

त्या उतारावर मला माझ्या घराचा संताप आला. बापाचा, भावाचा, तात्यांचा आणि माझाही. मी इतक्या जोरात पाय आपटायला लागले की प्रेमसिंगनं मागं वळून बघितलं.

"मंगल," खुर्चीतून आबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "ह्यो पन लसूनच हाय का?"

"असेल."

"कडंनं चला म्हनावं."

"गप बसा, आबा," मी म्हणाले. माझ्या आयुष्यात मी त्यांना हे पहिल्यांदा म्हणाले. "एकदम गप बसा."

ते गप बसले. पण त्यामुळं मी आणखी घाबरले, कारण आता ते बोलत नव्हते. मी वळून बघू शकत नव्हते, बघितलं असतं तर पडले असते आणि माझ्यामागं खुर्ची होती. गुडघे वाकवून टाचेवर भार. एक पाऊल, दोनदा. मागून खुर्ची उचलणाऱ्यांचे श्वास ऐकू येत होते आणि त्यात आबांचा कुठला ते कळत नव्हतं. एका उतारावर माझी चौकट खरंच दुसरीवर पडली. मी पुढं झेपावले, मागच्या बाईनं माझा कोट धरला आणि काही न बोलता मला परत उभं केलं.

बागेपाशी पोचलो तेव्हा खालच्या रस्त्यावर गाडीचा दिवा लागलेला दिसला. खुर्ची खाली ठेवल्यावर मी पहिल्यांदा वळले. आबांचे डोळे उघडे होते. ते वर बघत होते, आम्ही ज्या पायऱ्यांवरून आलो त्या शेतांकडं. प्रत्येक शेताच्या मधोमध एक राखाडी वाट दाबलेली होती, वरपासून खालपर्यंत सरळ. आणि सगळीकडं माणसं अजून उभीच होती. आबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. दुखतंय का म्हणून मी विचारलं तर त्यांनी मान हलवली, न्हाई.

हॉस्पिटलमध्ये डोक्याचा स्कॅन झाला. अहवाल येईपर्यंतचा वेळ मी एका बाकावर, ओल्या मोज्यांत, समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत काढला. तो आजही मला पाठ म्हणता येईल. मग एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली की आत काही नाही, जखम वरची आहे, सहा टाके घातलेत, आणि उद्यापर्यंत नजरेखाली ठेवायचंय. वेळेत आणलंत, असंही म्हणाली. मी तिचे हात धरले. तिला ते चमत्कारिक वाटलं असणार.

आबा पट्टी बांधून पडले होते. शुद्धीवर, चिडलेले, चहा मागत.

"त्या बाईच्या लसनाचं वाटोळं झालं असंल," ते प्रेमसिंगला म्हणाले.

"काही होत नाही, आबा. वर इतका बर्फ आहे. वजन पसरतं ना ह्या चौकटीनं. लसणाला कळलं पण नसेल कोण गेलं वरून."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. थापा मारतोयस, असं म्हणाले नाहीत.

राहिला दादा. फोन लावायला मी अर्धा तास घेतला. शेवटी एका दमात सगळं सांगितलं, पडले, लागलं, सहा टाके, स्कॅन चांगला. मग त्यानं सुरुवात केली. तुला सांगितलं होतं, तुला अक्कल नाही, तुझ्या हौसेपायी. सगळं बरोबर होतं, मी ऐकून घेत होते. आबांनी हात पुढं केला आणि फोन घेतला.

"तिला बोलू नगंस," ते म्हणाले. "चूक माझी हाय. मला मधनं चल म्हनलं हुतं. मी बांधानं चाललो, आन् बांध खचला. मग हितल्या मानसांनी मला रानातनं आनलं. उभ्या पिकातनं. म्हनून येळंत आलो."

आबांनी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, त्यामुळं मलाही ऐकू येत होतं. दादा शेतात असावा, मागं मोटारीचा आवाज होता. तो आवाज बराच वेळ तसाच येत राहिला.

"कुणाच्या रानातनं?" शेवटी दादानं विचारलं.

"समद्यांच्या," आबा म्हणाले.